बचाता: चौथ्या मात्रेला पाय का टेकवायचा?

ओसरीवरची
शनिवार, सकाळी १०:२०

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात पुण्याहून मामेबहिणीने एक व्हिडिओ पाठवला. तिने नाचाचा क्लास लावलाय आणि सध्या तिथे बचाता चालू आहे. तीन पावलं डावीकडे, चौथ्याला पाय टेकव. तीन उजवीकडे, चौथ्याला पाय टेकव. पावलं अगदी बरोबर पडत होती. खाली तिने विचारलं होतं, "ताई, चौथ्याला पाय का टेकवायचा गं? सरांना विचारलं तर म्हणाले, स्टेपच तशी आहे."

तिला फोनवर सांगता सांगता तासभर गेला. प्रश्न फार चांगला आहे आणि त्याचं उत्तर पायात नाही, गाण्यात आहे. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मी गेली सहा वर्षं न्यूयॉर्कात वॉशिंग्टन हाइट्सला राहते. मॅनहॅटनच्या उत्तर टोकाचा हा भाग म्हणजे डॉमिनिकन लोकांचं दुसरं गावच. उन्हाळ्यात खिडकी उघडली की चारपैकी तीन बाजूंनी बचाता ऐकू येतो. माझी खरी शिकवणीही तळमजल्यावर राहणाऱ्या एका आजींच्या स्वयंपाकघरात झाली. त्याबद्दल पुढे.

आधी शब्द. बचाता हे मुळात नाचाचं नाव नव्हतं आणि गाण्याचंही नव्हतं. डॉमिनिकन रिपब्लिकच्या खेड्यांत, गरीब वस्त्यांत घरामागच्या अंगणात चार माणसं जमली, कुणी गिटार काढली, कुणी रमची बाटली आणली, की त्या जमण्याला बचाता म्हणत. वाजायचं काय, तर क्यूबाहून आलेला संथ प्रेमगीतांचा बोलेरो, सोन, मेक्सिकोची रांचेरा गाणी, असं जे कानावर पडलं असेल ते. मोठी वाद्यं परवडणारी नव्हती, म्हणून गिटार, बोंगो म्हणजे जोडीतले दोन छोटे ढोल, आणि माराकास म्हणजे खुळखुळे. माराकास नसतील तर चमचे.

ही गाणी रेडिओवर का नव्हती? १९३० ते १९६१ त्या देशावर राफाएल त्रुहियोची हुकूमशाही होती. त्याने मेरेंगेला, म्हणजे तिथल्या वेगवान नाचगाण्याला, राष्ट्रीय संगीताचा मान दिला, मोठ्या ऑर्केस्ट्रात बसवलं आणि स्वतःच्या स्तुतीची गाणी रचून घेतली. रेडिओ त्याच्या भावाच्या मुठीत होता. अंगणातल्या गिटारला तिथे शिरकाव नव्हता. ३० मे १९६१ रोजी त्रुहियो मारला गेला आणि पुढच्याच वर्षी होसे मानुएल काल्देरॉनने गिटारवरची आपली गाणी ध्वनिमुद्रित केली. बचाताची पहिली रेकॉर्ड म्हणून आज त्यांचंच नाव घेतात. तेव्हा मात्र ती बोलेरो म्हणूनच विकली गेली.

दार उघडलं खरं, पण मान मिळाला नाही. हुकूमशाही गेल्यावर खेड्यांतले लोंढे राजधानीत, सान्तो दोमिंगोत आले. काम नाही, घर म्हणजे पत्र्याची खोली, माणसं मागे गावात. गाण्यांत तेच आलं: सोडून गेलेली बाई, दारू, एकटेपणा. या गाण्यांना लोक 'आमार्गे' म्हणू लागले. आमार्गे म्हणजे कडवटपणा. आणि 'बचाता' हा शब्द सुशिक्षित मंडळी शिवीसारखा वापरू लागली, म्हणजे गावठी, हलकं, कुंटणखान्यातलं. बऱ्या रेडिओ केंद्रांवर ती वाजत नसे. अपवाद मुख्यतः एकच, राधामेस आरासेनाचं रादिओ ग्वाराचिता. बाकी ती विकली जायची रस्त्यावरच्या टपऱ्यांवर आणि वाजायची कोल्मादोत. कोल्मादो म्हणजे आपलं कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान. तांदूळ, तेल, साबण सगळं मिळतं, शिवाय थंडगार बियर, आणि दाराशी एक भलामोठा स्पीकर.

ही तीस वर्षांची हेटाळणी मला फार महत्त्वाची वाटते. त्या नाचाचा घाट तिच्यातून आलाय. कोल्मादोच्या दारात, दोन खुर्च्यांच्या मधल्या जागेत, अंगणात, चिंचोळ्या खोलीत नाचायचं तर लांब पावलं टाकणार कुठे? मूळ बचाता छोट्या चौकोनात नाचतात, बोलेरोसारखं. पाऊल जेमतेम पावलाइतकंच सरकतं. डावीकडून उजवीकडे लांब झुलत जायची क्लासमधली पद्धत नंतरची. एका रांगेत वीस जणांना शिकवायला ती सोयीची पडते.

आता चौथी मात्रा. गाणं चार-चार मात्रांचं असतं, नाचणारे आठपर्यंत मोजतात. वाद्यं पाच: रेकिंतो म्हणजे मुख्य गिटार, एक एक तार छेडत रडवणारी, सेगुंदा म्हणजे साथीची गिटार, बास, बोंगो, आणि ग्विरा. बोंगोला दोन तोंडं, एक लहान आणि एक मोठं. वाजवणारा लहान तोंडावर सतत काहीतरी विणत असतो आणि चौथ्या मात्रेला मोठ्या तोंडावर उघडा, खोल ठोका देतो. "टकटक टकटक टकटक दुम." तो दुम म्हणजे तुमचा टेकवलेला पाय. कमरेला झटका द्यायचा म्हणून दिलेला नाही. बोंगोने विचारलं, तुम्ही उत्तर दिलंत.

आजींनी मला हे कसं शिकवलं ते सांगते. त्या तोस्तोनेस करत होत्या. हिरव्या केळ्याच्या जाड चकत्या एकदा तळायच्या, मग दाबून चपट्या करायच्या आणि पुन्हा तळायच्या. फळीवर चकती ठेवायची, वरून बशीच्या बुडाने दाबायची. रेडिओ चालू होता. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की बशी दर वेळी बोंगोच्या त्या दुमवरच खाली येतेय. त्यांनी हात पुसले, माझ्या पाठीवर खांद्याच्या पात्याखाली तळवा ठेवला आणि म्हणाल्या, पाय हलवू नकोस, आधी ऐक. दोन अख्खी गाणी आम्ही नुसत्या उभ्या होतो. तिसऱ्या गाण्याला त्यांच्या तळव्याचा भार किंचित बदलला आणि माझा पाय आपोआप सरकला. तोवर मी वर्षभर क्लास केलेला होता.

ज्यांना आज संध्याकाळीच करून बघायचंय त्यांच्यासाठी:

पाय जवळ, गुडघे सैल. एकला डावा पाय डावीकडे, दोनला उजवा त्याच्याजवळ, तीनला पुन्हा डावा डावीकडे, चारला उजवा त्याच्याशेजारी नुसता टेकवा, वजन टाकू नका. वजन डाव्यावरच राहिलं पाहिजे, कारण पाचला उजवा मोकळा हवा. पाच-सहा-सात उजवीकडे, आठला डावा टेकवा. समोरची व्यक्ती आरशातल्यासारखी, म्हणजे उजव्या पायाने सुरुवात. नव्वद टक्के घोळ चौथ्याला वजन टाकल्याने होतो. कंबर मुद्दाम हलवू नका. ज्या पायावर वजन आलं त्याचा गुडघा सरळ होतो, दुसरा वाकतो, आणि कंबर आपली आपण त्या बाजूला बसते. चौथ्याला टेकवलेल्या बाजूची कंबर थोडी वर उचलली जाते, तीही वाकलेल्या गुडघ्यामुळेच.

चौकोन करायचा तर तिसरं पाऊल बाजूला न टाकता पुढे टाका, परतीला मागे. झालं.

प्रश्न असतील तर विचारा, जमेल तसं लिहीन.

रानजाई
शनिवार, सकाळी ११:०५

सुंदर लेख! वाचनखूण साठवली. बशी आणि बोंगो वाचून अंगावर काटा आला. ग्विरा म्हणजे काय ते राहिलं का लिहायचं?

ओसरीवरची
शनिवार, सकाळी ११:३१

धन्यवाद रानजाई. हो, राहिलंच. ग्विरा म्हणजे पत्र्याची गोल नळी, तिच्यावर खिळ्याने पाडलेल्या भोकांच्या रांगा. थेट आपली किसणी, फक्त गुंडाळलेली. एका हातात ती धरायची आणि दुसऱ्या हातातल्या ताठ तारांच्या काट्याने खरवडायची. आजींच्या नातवाने एकदा माझ्या हातात दिली होती. वजनाला हलकी, पण पाच मिनिटांत मनगट भरून आलं. लांब ओढ खाली, मग दोन छोट्या: "छीऽक छिक-छिक, छीऽक छिक-छिक". ही खरं तर मेरेंगेतून आली. जुन्या बचातात माराकास असत. १९८७ मध्ये ब्लास दुरान या गायकाने बचातात इलेक्ट्रिक गिटार आणली, वेग वाढला, आणि त्या वेगाला माराकासपेक्षा ग्विरा जास्त शोभली. तुम्ही आज जे ऐकता ते बरंचसं तिथून सुरू होतं.

नाधिंधिंना
शनिवार, दुपारी २:४८

मी तबला वाजवतो. आठ मात्रा, चार-चारचे दोन भाग, म्हणजे हा आपला केरवाच झाला ना? मग वेगळं काय?

ओसरीवरची
शनिवार, दुपारी ३:४०

नाधिंधिंना, मोजायला आठ आहेत, पण वजन भलतीकडे आहे. केरव्यात तुम्ही समेवर येता, पहिल्या 'धा'वर सगळं येऊन बसतं, आणि पाचव्या मात्रेला 'खाली', म्हणजे बिनवजनाची जागा, येते. इथे पहिल्या मात्रेवर येऊन बसल्यासारखं कुणी काही करत नाही. बास बहुतेक वेळा एक, तीन, चार अशी वाजते. बोंगोचा खोल ठोका चारवर. म्हणजे सगळा भार शेवटच्या मात्रेवर जाऊन तिथून पुढच्या एकवर ढकलला जातो. आपल्याकडच्या कानाला सुरुवातीला वाटतं की चार म्हणजेच सम. मला स्वतःला पहिले काही महिने तसंच ऐकू यायचं. समेवर विसावायची सवय सोडून समेच्या आधी थबकायचं, एवढाच फरक आहे आणि तो बराच मोठा आहे.

तुम्हाला आणखी एक गोष्ट आवडेल. एका गाण्यात ठेका तीनदा तरी बदलतो. कडव्याला 'देरेचो', म्हणजे सरळ, जो मी वर लिहिला. धृपद आलं की 'माहाओ', कुटल्यासारखा, प्रत्येक मात्रेवर ठोस. आणि मध्ये गिटार एकटी सुटते तो 'माम्बो', तेव्हा बोंगोवाला मोकळा होऊन वाजवतो. नाचणारेही तेव्हा हात सोडून नुसत्या पायांची करामत करतात. ठेका बदलला आणि नाच बदलला नाही, तर तो माणूस गाणं ऐकत नाही असं खुशाल समजा.

नाधिंधिंना
शनिवार, दुपारी ४:०२

म्हणजे माम्बो म्हणजे आमची लग्गी, तबल्याची मोकळी सुटलेली वाजवणी! आज रात्री कानाला हेडफोन लावून बसतो.

मडगावचो
शनिवार, रात्री ८:१५

आमच्याकडे लग्नात बँड लागला की वॉल्ट्झ, जाइव्ह, चाचाचा हे होतंच, आजोबांपासून नातवापर्यंत सगळे उतरतात. चाचाचा आणि बचाता यांच्यात नातं आहे का?

ओसरीवरची
शनिवार, रात्री ९:१०

मडगावचो, दूरचं. चाचाचा क्यूबाचा. एन्रिके होर्रिन नावाच्या व्हायोलिनवादकाने १९५०च्या आसपास हवानात तो घडवला. तिथे चार-आणि-एक या जागी तीन झटपट पावलं पडतात, "चा-चा-चा". बचाताचं मूळ बोलेरोत, तोही क्यूबाचाच, म्हणून घराणं एक म्हणता येईल. पण चाचाचा ज्या जागी धावतो त्याच जागी बचाता थांबतो. लग्नात चाचाचा नाचत वाढलेल्या माणसाला बचाता पटकन येतो, कारण जोडीदाराच्या हाताचं ऐकायची सवय असते. तुमच्याकडे हे घरातच मिळतं, त्याचा मला खरंच हेवा वाटतो.

आडवाट
रविवार, सकाळी ८:३३

हेटाळणीचा भाग वाचताना लावणी आणि तमाशा आठवला. ऐकायचं सगळ्यांनी, आणि घरात नाव काढायचं नाही.

ओसरीवरची
रविवार, सकाळी ९:२०

आडवाट, मलाही आठवला, पण साम्य जपून लावावं लागतं. लावणीत फडावर उभी राहणारी बाई होती आणि तिच्या जातीचाही प्रश्न होता. बचातात गाणारे बहुतेक पुरुष, खेड्यातून आलेले गिटारवाले, आणि बाई होती ती गाण्यातली, सोडून गेलेली, दोष दिला गेलेली. म्हणून साठच्या दशकात मेलिदा रोद्रिगेसने गायलेली गाणी मला फार मोलाची वाटतात. तिला 'ला सुफ्रिदा', सोसणारी, म्हणत. ती कॅबरेतल्या बाईच्या तोंडून गायली, कशी आले इथे, कुणी आणलं. इतक्या पुरुषी गर्दीत तो एक आवाज उघड्या डोळ्यांनी बोलतो.

मान कसा मिळाला तेही सांगते, लेखात राहिलं. ऐंशीच्या दशकात लुईस दियास, सोनिया सिल्व्हेस्त्रे, विक्तोर विक्तोर अशा शिकलेल्या कलावंतांनी हे संगीत जवळ केलं. मग १९९० मध्ये हुआन लुईस गेर्राचा 'बचाता रोसा' हा अल्बम आला आणि त्याला ग्रॅमी मिळालं. दिवाणखान्यात बचाता वाजायला लागला. पण कोल्मादोत वाजत होती ती वायव्येच्या मोन्ते क्रिस्ती प्रांतातली पोरं: लुईस वार्गास, राउलिन रोद्रिगेस, आंतोनी सान्तोस. आंतोनी आधी वार्गासच्याच ताफ्यात ग्विरा वाजवायचा. मला विचाराल तर बचाता वाचवला तो या पोरांनी. गेर्रामुळे शब्दाला मान मिळाला, आणि तेही छोटं काम नव्हतं. डिसेंबर २०१९ मध्ये युनेस्कोने डॉमिनिकन बचाताचं संगीत आणि नृत्य मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. ती बातमी आली त्या दिवशी आजींनी शेजाऱ्यांना घरचा गोड भात वाटला.

वेगळा_ठेका
रविवार, दुपारी १२:५०

लेख आवडला, पण एक मुद्दा पटला नाही. मी दोन वर्षं सेन्शुअल बचाता करतोय. त्यातल्या शरीराच्या लाटा, संथ वळणं यांमुळेच जगभर लोक या नाचाकडे आले. मूळ तेच खरं आणि बाकी क्लासची सोय, असं म्हणणं अन्यायाचं वाटतं. कला बदलतेच.

ओसरीवरची
रविवार, दुपारी २:१५

वेगळा_ठेका, तुमचा राग रास्त आहे, मी ते वाक्य घाईत लिहिलं. सेन्शुअल ही स्पेनमध्ये, कादिसच्या कोर्के आणि जुडिथ या जोडीने रचलेली शैली आहे आणि त्यामागे कष्ट आहेत, शरीराची जाण आहे. बदलाला माझा विरोध नाही. ब्लास दुरानने इलेक्ट्रिक गिटार घेतली तेव्हाही जुन्यांनी नाकं मुरडली असतीलच. न्यूयॉर्कमधल्याच ब्राँक्सच्या आवेंतुरा बँडने त्यात आर अँड बी मिसळलं, २००२ मध्ये आलेलं त्यांचं 'ओब्सेसिओन' हे गाणं इटली-फ्रान्समध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि त्यांच्यातलाच रोमिओ सान्तोस २०१४ मध्ये यांकी स्टेडियममध्ये गायला. माझ्या शेजारची पोरं त्या रात्रीबद्दल अजून बोलतात. हाही बदलच.

माझी तक्रार एवढीच आहे: ज्या देशाने हे सोसून घडवलं त्याचं नावसुद्धा न घेता वर्षभर हा नाच शिकवला जातो. माझ्या बहिणीला डॉमिनिकन रिपब्लिक हा शब्द माझ्याकडून कळला. सेन्शुअल शिका, मनापासून शिका, पण बोंगोचा तो दुम ओळखता आला पाहिजे. लाट सुरू कुठे करायची तेही त्यानेच कळतं. तुम्हाला दोन वर्षांनी ते येत असणारच.

वेगळा_ठेका
रविवार, दुपारी २:४०

येतं. पण त्याला बोंगो म्हणतात हे माहीत नव्हतं. आम्ही 'टॅपचा बीट' म्हणायचो. मुद्दा पोचला.

पन्नाशीपार
रविवार, संध्याकाळी ६:०५

ताई, आम्ही नवरा-बायको दोघं पन्नाशीच्या पुढचे, मिस्टरांचे गुडघे दुखतात. घरी करता येईल का?

ओसरीवरची
रविवार, संध्याकाळी ७:३०

पन्नाशीपार, माझ्या आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. मुख्य पायरीत उडी नाही, गिरकी नाही, पाऊल वीतभर. डॉक्टरांना एकदा विचारून घ्या आणि दोन गोष्टी सांभाळा. गुळगुळीत तळाची चप्पल-बूट घाला, रबरी तळ फरशीला चिकटतो आणि गुडघा पिळवटतो. आणि अनवाणी खरखरीत फरशीवर वळू नका. साठ-सत्तरच्या दशकांतल्या संथ गाण्यांनी सुरुवात करा, काल्देरॉन किंवा लिओनार्दो पानियाग्वा. नव्वदीतली मोन्ते क्रिस्तीची गाणी वेगवान असतात, ती नंतर. पहिले आठ दिवस मिस्टरांचा तळवा तुमच्या खांद्याच्या पात्याखाली, तुमचा हात त्यांच्या दंडावर, आणि नुसतं जागच्या जागी वजन इकडून तिकडे. पावलं नंतर येतात.

नाधिंधिंना
रविवार, रात्री ११:५२

काल रात्री सहा गाणी ऐकली. पहिल्या तीनमध्ये मी चारलाच सम धरून बसलो होतो, तुम्ही म्हणालात तसंच. चौथ्या गाण्यात अचानक उलटलं. धृपदाच्या आधी एक क्षण सगळं थांबल्यासारखं होतं आणि मग ग्विरा एकदम भरते, तोच माहाओ का?

ओसरीवरची
सोमवार, सकाळी ६:४५

तोच! त्या थांब्यात रेकिंतो एक छोटी तान घेऊन खाली उतरते, तीही ऐका. ती संपते तिथेच बोंगोवाला मोठ्या तोंडावर हात टाकतो.